एका 'पाहिजे'चं देणं

2001 च्या उन्हाळ्यात माझ्या तोंडून गेलेल्या एका चुकीच्या शब्दामुळे ईशान्य पोलंडमधल्या एका शेतकऱ्यानं कर्ज काढून आपल्या दुधाच्या खोलीला छतापर्यंत टाइल्स बसवल्या. त्याची काहीही गरज नव्हती. ही गोष्ट मी आजवर घरच्यांनाही नीट सांगितलेली नाही. आता सांगते आहे, कारण पुढं माझ्या हातून जे काही धड काम झालं त्याचं मूळ त्या टाइल्समध्ये आणि ती चूक निस्तरायला मला हाताला धरून नेणाऱ्या एका बाईंमध्ये आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणते.

मी करवीर तालुक्यातली. वडील गावच्या दूध संस्थेचे सचिव. पहाटे पाचला सेंटर उघडायचं, बायाबापड्या किटल्या घेऊन ओळीनं उभ्या राहायच्या, वडील फॅट काढायचे आणि मी शाळेला जाण्याआधी वहीत लिटर मांडायची. दहा दिवसांनी बिल. 'मापात पाप नको' हे आमच्या घरातलं रोजचं वाक्य. सरकारी मदत म्हणजे काय, याची माझी समजूतही तिथंच पक्की झाली. म्हशीला कर्ज, कडबाकुट्टीला अनुदान, यादीत नाव लागलं की पैसे. मदतीला याहून वेगळा अर्थ असतो हे मला ठाऊक नव्हतं.

दुग्धतंत्रज्ञानाची पदवी झाल्यावर 1995 मध्ये शिष्यवृत्तीवर पोलंडला गेले. वूच शहरात वर्षभर भाषा शिकले, मग ओल्श्टिनला पुढचं शिक्षण. 1999 मध्ये पोद्लाशे भागातल्या एका सहकारी दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईच होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझे कागद पाहिले, जन्मगावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "कोल्हापूर? वलिवडेजवळचं?"

मी गप्प झाले. वलिवडे हे आमच्या मिरज लाईनवरचं स्टेशन. शेकडो वेळा गाडी तिथं थांबलेली मी पाहिलेली. पण दुसऱ्या महायुद्धात, 1943 ते 1948 या काळात, तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत राजवटीनं सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेल्या कुटुंबांतल्या बायका आणि मुलं इराणमार्गे तिथं पोचली होती. पुढं त्याच जागी सिंधी निर्वासितांचं गांधीनगर वसलं, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. बाईंच्या शाळेतल्या एक शिक्षिका लहानपणी त्या छावणीत वाढल्या होत्या. माझ्या गावाचा इतिहास मला सहा हजार किलोमीटरवरच्या एका बाईनं सांगितला. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या लोकांनी आमच्या मुलांना दूध दिलं होतं. आता तू आमचं दूध तपास."

त्या काळात पोलंड युरोपीय संघात जायच्या तयारीला लागला होता. 1994 मध्ये अर्ज केलेला, 1998 च्या मार्चअखेर वाटाघाटी सुरू झालेल्या. संघाचे सगळे कायदेकानू, सुमारे 80 हजार पानं, 31 प्रकरणांत विभागलेले, एकेक करून आपल्या कायद्यात उतरवायचे आणि नुसते उतरवून न थांबता अमलात आणून दाखवायचे, ही अट. अनेकांना वाटतं तशी ती सही-शिक्क्याची गोष्ट नव्हती. आमच्यापुरती ती दुधाच्या थेंबात होती. मिलिलिटरमागे जिवाणू एक लाखाच्या आत आणि सोमॅटिक पेशी चार लाखांच्या आत असल्या, तरच ते दूध संघाच्या बाजारातलं. 1997 च्या डिसेंबरात युरोपीय संघानं स्वच्छतेच्या कारणावरून पोलंडच्या दुग्धजन्य पदार्थांची आयातच थांबवली होती. तो घाव आमच्या भागात ताजा होता. कॅन्टीनमध्ये त्याचा विषय निघाला की माणसं चमचा खाली ठेवायची.

मदत बरीच येत होती. 'फार' नावाची योजना 1989 च्या अखेरीला पोलंड आणि हंगेरीसाठी म्हणून निघाली आणि मग बाकीच्या देशांपर्यंत पोचली. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ दीपगृह. 2000 पासून तिच्या जोडीला आणखी दोन योजना आल्या. रस्ते-रेल्वे आणि पर्यावरणासाठी 'इस्पा', शेती आणि खेड्यांसाठी 'सापार्ड'. तिन्ही मिळून दहा उमेदवार देशांसाठी वर्षाला तीन अब्ज युरोंहून अधिक रक्कम. हे आकडे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर गावाकडची अनुदानाची यादीच आली. बाईंना मी म्हटलंही, "एवढे पैसे आहेत तर आपल्या दूध संघाला नवीन शीतयंत्रं का नाही देऊन टाकत?"

त्यांनी मला सुरुवातीच्या वर्षांची हकीकत सांगितली. तेव्हा बरेचसे पैसे परदेशी सल्लागारांच्या फीमध्येच गेले. ते वॉर्साच्या मॅरियटसारख्या महागड्या हॉटेलात उतरायचे, जाडजूड अहवाल लिहायचे आणि परत जायचे. लोक त्यांना 'मॅरियट ब्रिगेड' म्हणत. दुसऱ्या बाजूनं पोलंडच्या सरकारची तयारीही कच्ची होती. 1998 मध्ये प्रकल्प नीट न मांडल्यामुळे 'फार'चे 3 कोटी 40 लाख इक्यू (युरोच्या आधीचं हिशेबाचं चलन) देशाच्या हातून गेले. "पैसे समोर होते आणि आम्हाला ते घेता आले नाहीत," बाई म्हणाल्या. "घेता येणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे." त्या वयात मला हे वाक्य कळलं नाही. गावात अर्ज भरून थकलेल्या माणसांची कामं वडील रात्री बसून का करायचे, तेही तोवर कळलेलं नव्हतं.

त्या अनुभवातून 1998 मध्ये 'ट्विनिंग' सुरू झालं होतं. त्यात खासगी सल्लागार यायचा नाही. सदस्य देशाच्या खात्यात तेच काम रोज करणारा सरकारी अधिकारी यायचा आणि उमेदवार देशाच्या खात्यात, त्याच्या बरोबरीच्या माणसाशेजारी, वर्षभर किंवा अधिक काळ खुर्ची टाकून बसायचा. अहवाल लिहून सुटका नाही. शेवटी ते खातं स्वतःच्या बळावर काम करतं आहे हे दिसलं पाहिजे. अशाच एका प्रकल्पातून एका सदस्य देशाचे पशुवैद्यकीय अधिकारी आमच्या जिल्ह्यात येऊ लागले. साठीला टेकलेले, कमी बोलणारे, गोठ्यात शिरताना आपले रबरी बूट स्वतः धुणारे. त्यांना पोलिश येत नव्हतं, आमच्याकडे इंग्रजी कोणाला धड येत नव्हतं. म्हणून मला दुभाषी म्हणून सोबत पाठवलं गेलं. मला त्याचा फार अभिमान वाटला. तो अभिमानच मला नडला.

त्या शेतकऱ्याकडे अठरा गाई होत्या. दुधाची खोली जुनी, भिंतींना नुसता चुना. अधिकारी म्हणाले की भिंत धुता येईल, पुसता येईल अशी असायला हवी, आणि टाइल्स लावल्या तर चांगलंच. हे दोन वेगळे भाग होते. पहिला नियम, दुसरा सल्ला. मी मात्र दोन्ही मनातल्या मनात मराठीत केले. आपल्या 'पाहिजे'त दोन्ही मावतात. 'रोज आंघोळ केली पाहिजे' हेही पाहिजे आणि 'बिल भरलं पाहिजे' हेही पाहिजेच. पोलिशमध्ये त्यासाठी दोन शब्द आहेत, एक बंधनाचा, एक सल्ल्याचा. मी बंधनाचा शब्द वापरला. छतापर्यंत टाइल्स, बंधनकारक. शेतकऱ्यानं मान हलवली, एका कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, "नाही लावल्या तर?" मी अधिकाऱ्यांना न विचारताच म्हणाले, "मग तुमचं दूध घेता येणार नाही." परीक्षेत उत्तर येत असलेल्या मुलीच्या तोऱ्यात मी ते बोलले.

शरद ऋतूत आम्ही पुन्हा गेलो. खोली पांढरीशुभ्र, टाइल्सच्या फटी एकसारख्या भरलेल्या, कोपऱ्यात उरलेल्या टाइल्स नीट रचून ठेवलेल्या. अधिकारी भिंतीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण एवढा खर्च कशासाठी? धुता येणारा रंग चालला असता." मी ते पोलिशमध्ये सांगितलं. शेतकरी माझ्याकडे वळला. "पण तुम्हीच तर सांगितलंत, नाही तर दूध घेणार नाही." आता हे वाक्य मला इंग्रजीत करायचं होतं.

मी केलं नाही. मी अधिकाऱ्यांना सांगितलं की त्याला खोली कायमची टिकाऊ करायची होती. माझं भाषांतर चुकलं होतं, ते अज्ञान. पण त्या क्षणी मी जे केलं ते मापातलं पाप होतं. ज्या घरात ते वाक्य रोज ऐकलं, त्या घरातल्या मुलीनं केलेलं.

रात्री झोप आली नाही. सकाळी प्रयोगशाळेत बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील, कामावरून काढतील, असं वाटलं होतं. त्यांनी ॲप्रन काढून खुंटीला लावला, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "चल." वाटेत एक शब्द नाही. गोठ्यासमोर गाडी थांबवून त्यांनी एवढंच सांगितलं, "मी बोलणार नाही. तू बोलायचंस."

मी बोलले. तो बराच वेळ हात पुसत उभा राहिला. दोन चांगल्या गाईंच्या किमतीएवढा खर्च झाला होता. त्यातही दुसरं दुखणं होतं. 'सापार्ड'मधून शेतकऱ्याच्या अशा खर्चाचा निम्मा भाग परत मिळणार होता, पण करार होण्याआधी केलेला खर्च त्यात धरत नसत. म्हणजे माझ्यामुळे त्याचे पैसेही गेले आणि मदतही गेली. मी दर महिन्याला पगारातून थोडे पैसे देईन म्हणाले. तो नको म्हणाला. मग म्हणाला, "ते अर्ज निघतील तेव्हा शनिवारी इथं या. आमच्या गावात कोणाला ते कागद समजत नाहीत. तुम्ही भरून द्या. यावेळी नीट."

परत आल्यावर बाईंनी त्या अधिकाऱ्यांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी आले. माझ्याबद्दल कोणाकडे तक्रार नाही, काही नाही. युरोपीय संघाचा दुधाविषयीचा निर्देश टेबलावर पसरला आणि बाई, ते आणि मी असे तिघं दिवसभर बसलो. एकेका वाक्यापाशी ते थांबायचे. हे बंधन. हा सल्ला. हे लहान गोठ्याला लागू नाही. इथं देशाला सवलत देता येते. बाईंनी चौकटीची एक शाळकरी वही काढून मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे 'कायद्यानं करावंच लागतं', उजवीकडे 'केलं तर बरं'. संध्याकाळपर्यंत डावा रकाना माझ्या कल्पनेपेक्षा किती तरी लहान निघाला. लोक घाबरले होते ते बहुतेक उजव्या रकान्याला. त्या दिवशी मला ट्विनिंग म्हणजे काय ते कळलं. खुर्चीशेजारी खुर्ची. ज्याला येतं तो ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसून राहतो, येईपर्यंत. मी दोघांच्याही देशाची नव्हते. त्या पैशातला एक युरोही माझ्यासाठी नव्हता. तरी त्या टेबलाशी मला जागा मिळाली.

2002 च्या जुलैत 'सापार्ड'चे अर्ज सुरू झाले. पोलंडमध्ये हे काम शेतीच्या पुनर्रचनेची सरकारी एजन्सी पाहत होती. पैसे वाटायची परवानगी मिळण्याआधी तिलाच ब्रुसेल्सच्या तपासणीतून जावं लागलं होतं. सार्वजनिक मदतीतला तीन चतुर्थांश वाटा युरोपीय संघाचा, एक चतुर्थांश पोलंडच्या तिजोरीचा. आणि शेतकऱ्यानं आधी स्वतःच्या खिशातून किंवा बँकेकडून सगळा खर्च करायचा, पावत्या दाखवायच्या, मग निम्मे परत. ज्याच्याकडे आधीच काही नाही त्याला ही योजना उपयोगाची नव्हती, हे मी आजही म्हणेन. सुरुवातीला लोक पुढं आलेच नाहीत. शेवटच्या महिन्यांत मात्र अर्जांची रीघ लागली.

शनिवार त्या गावाला दिला. पोलंडच्या खेड्यात बैठका होतात त्या स्वयंसेवी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये, त्याला 'रेमिझा' म्हणतात. लाल बंब बाहेर काढायचा, आत लांब टेबलं मांडायची. गावचा सोऊतिस, म्हणजे आपला सरपंच म्हणा, कोळशाची शेगडी पेटवायचा. बाईही यायच्या, त्यांना कोणी सांगितलेलं नसताना. प्रत्येकाची वही, प्रत्येकाच्या जमिनीचे कागद, तीन-तीन दरपत्रकं. बाई आधी विचारायच्या, "तुला काय हवंय?" आणि मग, "तुला काय करावंच लागणार आहे?" दोन्ही उत्तरं वेगळी आली की त्या अर्ज बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घरी जाऊन बायकोशी बोल, पुढच्या शनिवारी ये." काही माणसांना त्यांनी कर्ज काढण्यापासून अक्षरशः परावृत्त केलं. टाइल्सवाला शेतकरी दर शनिवारी चहाचं भांडं घेऊन यायचा आणि नव्या माणसाला सांगायचा, "हिच्याकडे जा, ही आता चुकत नाही."

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. दोन-तीन गाईंवर जगणारी म्हातारी माणसं या शर्यतीत टिकली नाहीत. गावातलं दूध गोळा करायचं जुनं केंद्र बंद झालं. टाकीची गाडी आता फक्त मोठ्या गोठ्यांशी थांबायची. एक आजी शेवटच्या दिवशीही कॅन घेऊन केंद्रापाशी आल्या होत्या. बाईंनी तो कॅन स्वतःच्या गाडीत घातला, दूध विकत घेतलं आणि आजींना घरी सोडलं. गाडीत त्या म्हणाल्या, "हिच्यासाठी आपल्या वहीत रकानाच नाही." हे वाक्य त्यांनी पुढं वरिष्ठांच्या एका बैठकीतही जसंच्या तसं म्हटलं, मी तिथं होते.

2003 च्या 7 आणि 8 जूनला युरोपीय संघात जाण्यावर सार्वमत झालं. मला मत नव्हतं. बाईंबरोबर शाळेपर्यंत गेले आणि बाहेर बाकावर बसले. 77 टक्क्यांहून अधिक मतं बाजूनं पडली. 1 मे 2004 रोजी पोलंड आणखी नऊ देशांसह संघात गेला. त्या रात्री चौकात बँड होता. आमच्या प्रयोगशाळेत मात्र नेहमीसारखी नमुन्यांची पेटी आली, कारण गाई सुट्टी घेत नाहीत, आणि बाई रात्रपाळीला स्वतः थांबल्या. काही दुग्धशाळांना 2006 अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली होती, आमच्या संघाला तिची गरज लागली नाही. बाईंनी ते मला नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावता लावता सांगितलं.

2006 मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे मी परत आले आणि कोल्हापूर-सांगली भागातल्या दूध संस्थांबरोबर काम करू लागले. निघताना बाईंनी ती वही माझ्या हातात दिली. पहिल्याच गावात बल्क कूलरच्या खोलीबद्दल बोलताना माझ्या तोंडून निघालं, "भिंत धुता आली पाहिजे." आणि मी थांबले. समोर सगळे 'पाहिजे' ऐकून घ्यायची सवय असलेली माणसं. फळ्यावर उभी रेघ मारली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बैठकीची सुरुवात त्या रेघेनं झाली. 'करावंच लागतं' आणि 'केलं तर बरं'. कोणी मला यातलं कौशल्य विचारलं तर मी सांगते की हे माझं नाही. ते एका पोलिश बाईंचं, एका परक्या देशाच्या सरकारी नोकराचं आणि टाइल्सचं कर्ज फेडत राहिलेल्या एका शेतकऱ्याचं आहे. आणि संघातल्या तेव्हाच्या ज्या 15 देशांच्या करदात्यांना माझं नावही ठाऊक नाही, त्यांचंही.

वडिलांना मी शेवटच्या दिवसांत ही गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत राहिले. म्हणाले, "कबूल केलंस ना? मग माप बरोबर झालं."

बाई आता निवृत्त आहेत. जून 2022 मध्ये युक्रेन आणि मोल्दोव्हाला युरोपीय संघानं उमेदवार देशाचा दर्जा दिला, 2024 च्या जूनमध्ये दोघांशी वाटाघाटी सुरू झाल्या. युद्ध चालू असतानाच युक्रेनची माणसं सीमेपलीकडे शिकायला येऊ लागली. ज्या पोलंडच्या खात्यांशेजारी एके काळी परके अधिकारी खुर्ची टाकून बसले होते, तिथली माणसं आता शिकवणाऱ्यांच्या खुर्चीत आहेत. बाईंनाही बोलावणं येतं. दुधाच्या तपासणीवरचे दोन-तीन दिवसांचे वर्ग असतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला एका वर्गाचा फोटो पाठवला. समोर जाड कोट घातलेली दहा-बारा माणसं, मागे फळा. फळ्यावर युक्रेनी भाषेत काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही. मधोमध खडूनं मारलेली उभी रेघ मात्र ओळखता आली. डावा रकाना लहान होता.